अनोळखी पुस्तक विकत घेताना

ज्या लेखकाचे नाव कधी कानावर आलेले नाही, ज्या विषयात आपल्याला फारशी गती नाही आणि ज्याची शिफारस कोणीही केलेली नाही, असे पुस्तक हातात घेऊन आपण फळीपाशी घुटमळतो, तेव्हा निर्णय बहुतेक वेळा मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ या दोन गोष्टींवरच होतो. हे दोन्ही भाग पुस्तक विकले जावे म्हणून तयार केलेले असतात आणि पुष्कळदा लेखकाचा हात त्यांना लागलेलाही नसतो. म्हणून माझा साधा नियम असा आहे की, अनोळखी पुस्तकाची पारख त्याच्या अशा पानांवर करावी, जी लिहिताना किंवा छापताना ग्राहक कोणाच्याही डोळ्यांसमोर नव्हता.

त्याआधी तोट्याची मर्यादा ठरवून टाकावी. मी चार पुस्तके घेतो तेव्हा त्यांतले एक पूर्णपणे अनोळखी असते. त्याचे पैसे बुडीत खात्यात गेले तरी चालतील, असे दुकानात शिरण्यापूर्वीच मनाशी धरलेले असते. लेखक नवखा असेल तर मी लहान पुस्तक निवडतो. पुस्तके बहुधा सोळा पानी फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांच्या संचांत, छापली जातात. आठ ते दहा फर्म्यांचे, म्हणजे 128 ते 160 पानांचे पुस्तक चार-पाच तासांत वाचून होते, आणि ते फसले तरी एक संध्याकाळच वाया जाते. सहाशे पानांची कादंबरी मात्र अनोळखी माणसाच्या भरवशावर घेऊ नये. त्याच लेखकाचा एखादा कथासंग्रह आधी पाहावा.

मलपृष्ठावरच्या मजकुराला प्रकाशन व्यवसायात ब्लर्ब म्हणतात. हा शब्दच थट्टेतून जन्मला आहे. अमेरिकन विनोदकार जिलेट बर्जेस याने 1907 साली पुस्तकविक्रेत्यांच्या एका मेजवानीसाठी आपल्या पुस्तकाला खास वेष्टन चढवले आणि त्यावर पुस्तकाची भरमसाट तारीफ करणारी एक काल्पनिक तरुणी छापून तिला मिस बेलिंडा ब्लर्ब असे नाव दिले. पुढे थट्टा विसरली गेली आणि तारीफ तेवढी उरली. या मजकुरातून पुस्तकाचा विषय आणि आवाका एवढेच घ्यावे. इतरांची स्तुती छापलेली असेल तर ती याच पुस्तकाविषयी आहे की लेखकाच्या आधीच्या पुस्तकाविषयी, हे तपासावे. एखाद्या परीक्षणातला ‘विलक्षण’ एवढा एकच शब्द पुढेमागे तीन-तीन टिंबे देऊन छापलेला दिसला, तर त्या टिंबांच्या जागी काय होते याचा विचार मी जरूर करतो.

यानंतर शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहावी. तिथला बारीक मजकूर कोणी वाचत नाही, आणि म्हणूनच त्यात कोणी रंग भरत नाही. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक इथे कळतो, कारण आवृत्तीत मजकुरात काही भर किंवा दुरुस्ती होणे अपेक्षित असते, तर पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. पंधरा-वीस वर्षांच्या काळात थांबून थांबून चार वेळा छापलेले पुस्तक मला एका वर्षात चार वेळा छापलेल्या पुस्तकापेक्षा अधिक भरवशाचे वाटते, कारण गाजावाजा ओसरल्यावरही त्याला वाचक मिळत राहिलेले असतात. पुस्तक अनुवादित असेल तर मूळ भाषा, मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि अनुवाद थेट मूळ भाषेतून केला आहे की मधल्या एखाद्या भाषेतून, हेही इथेच शोधावे. मूळ पुस्तकाचे नावच दिलेले नसेल, तर मी तो अनुवाद बहुधा परत ठेवतो.

याच पानावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक असतो. 1 जानेवारी 2007 पासून तो तेरा अंकी झाला. त्याआधी तो दहा अंकी होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या ढिगातल्या एखाद्या प्रतीवर केवळ दहा अंक असतील, तर ती बहुधा 2007 च्या आधीची आहे असे समजता येते. तेरा अंकी क्रमांकात छोट्या आडव्या रेघांनी पाडलेल्या पाच गटांपैकी तिसरा गट प्रकाशकाचा असतो. तो जितका आखूड, तितके अधिक क्रमांक त्या प्रकाशकासाठी राखलेले असतात. तो गट लांबलचक असेल, तर प्रकाशक लहान किंवा नवा असण्याची शक्यता असते. त्यात दोष काहीच नाही. मात्र अशा पुस्तकावर संपादकाचा हात कितपत फिरला आहे, हे थोडे अधिक बारकाईने पाहावे.

खरी परीक्षा मधल्या पानांत होते. सुरुवातीची पाने लेखकाने दहा वेळा घासूनपुसून लखलखीत केलेली असतात, म्हणून मी पुस्तकाच्या साधारण एक तृतीयांश भागापाशी कुठेही उघडतो आणि सलग दोन पाने सावकाश, एकही ओळ न गाळता वाचतो. एकदा मी दोन अपरिचित कादंबऱ्या अशाच शेजारी शेजारी उघडल्या होत्या, आणि योगायोगाने दोन्हींत एक माणूस अनेक वर्षांनी घरी परतत होता. पहिल्या कादंबरीत दार दिसताच त्याचे मन भरून आले, आठवणींचा पूर लोटला आणि डोळे पाणावले. दुसऱ्या कादंबरीत त्याने अंधारात सवयीने कडीकडे हात नेला. मधल्या काळात कडी दाराच्या दुसऱ्या बाजूला बसवलेली होती, आणि त्याचा हात क्षणभर नुसत्या लाकडावर राहिला. लेखकाने त्यावर एक शब्दही अधिक लिहिला नव्हता. कोणती कादंबरी घ्यायची हे ठरवायला मला तिसरे पान वाचावे लागले नाही. संवाद असतील तर पात्रांची नावे बोटाने झाकून वाचावे. कोण बोलत आहे हे तरीही ओळखू येत असेल, तर लेखकाला माणसे ठाऊक आहेत. कवितासंग्रह असेल तर एकच कविता दोनदा वाचावी. दुसऱ्या वाचनात ती उणावली, तर संग्रह खाली ठेवावा.

माहितीपर पुस्तकासाठी याहून कठोर कसोटी आहे. विषय अपरिचित असला तरी त्यातली एखादी गोष्ट आपल्याला पक्की माहीत असतेच, ती पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दांच्या सूचीतून शोधून काढावी. पुलांविषयीच्या पुस्तकात मी टॅकोमा नॅरोज हे नाव पाहतो. अमेरिकेतला हा झुलता पूल 1 जुलै 1940 रोजी खुला झाला आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला, ताशी सुमारे 65 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात, पीळ खात खात कोसळला. घाईने लिहिलेली पुस्तके वाऱ्याच्या झोतांची लय पुलाच्या लयीशी जुळली आणि अनुनाद झाला, असे सांगून मोकळी होतात. झोतांना अशी ठरावीक लय असावी लागत नाही, पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्याकडून ऊर्जा खेचून घेत पीळ वाढवत गेली, हे सांगण्याची तसदी जो लेखक घेतो, त्याच्या उरलेल्या तीनशे पानांवर मी विश्वास टाकतो. पुस्तकाला सूचीच नसेल तर तेही एक उत्तर समजावे.

ऑनलाइन खरेदीत बहुधा पहिलीच पाने वाचायला मिळतात, त्यामुळे मधल्या पानांची कसोटी लावता येत नाही. अशा वेळी अनुक्रमणिका नीट पाहावी आणि वाचकांच्या अभिप्रायांपैकी तीन तारे देणारे अभिप्राय आधी वाचावेत. पाच तारे देणारा पुष्कळदा आपला आनंद सांगतो आणि एक तारा देणारा आपला राग, तर तीन तारे देणाऱ्याला पुस्तकात काय आहे आणि काय नाही हे सांगावेच लागते. हे सगळे दहा मिनिटांत आटोपावे. पंधरा परीक्षणे वाचून झाल्यावर ते पुस्तक अनोळखी राहतच नाही, आणि पुढे ते आपण दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वाचतो.

घरी आणलेले अनोळखी पुस्तक पंधरा दिवसांच्या आत उघडावे, कारण ते का घेतले याचे कुतूहल त्यानंतर विरत जाते. ते कुठे सोडावे यासाठी अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हिशेब मला सोयीचा वाटतो. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला पन्नास पाने द्यावीत, आणि त्यापुढच्या वयात शंभरातून आपले वय वजा करून उरतील तेवढीच द्यावीत. म्हणजे बासष्टाव्या वर्षी अडतीस पाने पुरेशी झाली. तेवढ्याने मन लागले नाही, तर पुस्तक कोणाला तरी देऊन टाकावे.

मी प्रत्येक अनोळखी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख आणि ते घेण्याचे कारण लिहून ठेवतो, आणि वाचून झाल्यावर त्याखाली एका शब्दात निकाल लिहितो. मुखपृष्ठ आवडले म्हणून घेतलेल्या पुस्तकांखाली बहुतेक ठिकाणी ‘दिले’ असे लिहिलेले आहे. कुलुपांविषयीच्या एका जाड पुस्तकाच्या मागे कारण म्हणून ‘सूचीत चावी हरवणे अशी नोंद, सात पाने’ एवढेच आहे, आणि त्याखाली निकाल लिहायचा अजून राहिला आहे, कारण ते पुस्तक तिसऱ्यांदा वाचायला घेतले आहे.