शेळीचं चित्र कुणाचं?

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. या कामात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, ‘हक्क राखून ठेवू की क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे चित्र सगळ्यांना वापरू देणारा खुला परवाना, लावू?’ त्याआधी एवढं बघा, की ते चित्र कायद्याने तुमचं आहे का.

मला हे उशिरा कळलं. एका प्रकाशकासाठी जलरंगात शेळी रंगवली होती, एका कानावर तांबडा ठिपका असलेली. पैसे वेळेवर मिळाले. दोन वर्षांनी भाचीने दप्तरातून वही काढली, तर मुखपृष्ठावर तीच शेळी, ठिपक्यासकट. माझं नाव कुठेच नाही. वकिलांनी करार मागितला. माझ्याकडे फक्त फोनवरचे निरोप. त्यांनी १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ समोर ठेवलं. मोबदला देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. चित्र मी काढलं हे सांगण्याचा हक्क तेवढा कलम ५७मुळे उरला. घरी येऊन खूप रडले.

तेव्हापासून आधी करार, मग ब्रश. हक्क माझे, प्रकाशकाला वापरायची परवानगी कुठल्या भाषेत, किती वर्षं, ते लिहून. हक्क देऊनच टाकणार असाल तरी मुदत आणि प्रदेश लिहाच. मुदत लिहिली नसेल तर कलम १९नुसार ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ असं दिसलं की मी दर वाढवून सांगते.

खुल्या परवान्याचं गणित निराळं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून ‘सीसी बाय ४.०’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची पुस्तकं आहेत. मूळ लेखक-चित्रकारांची नावं देऊन ती कुणीही भाषांतरित करावीत, छापावीत, विकावीतसुद्धा. अशा कामात मागाहून रॉयल्टीची आशा नको. पूर्ण मानधन आधीच ठरवा. दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून घाईत देऊ नका. पण माझ्या एका खुल्या पुस्तकाचं भाषांतर वर्गात वाचतानाचा व्हिडिओ एका शिक्षकांनी पाठवला, पोरं माझ्या वाघाला खदखदून हसत होती, तो मी अजून जपून ठेवलाय.

आता पक्ष्यांचे, झाडांचे तक्ते मी खुले देते. शाळांना ते लागतात आणि मेहनताना आधीच मिळालेला असतो. गोष्टीतली पात्रं मात्र राखून ठेवते. वह्या-दप्तरांवर जातात ती पात्रंच.