एव्हीएल ट्रीमधून नोड काढताना या चुका टाळा

रत्नागिरीत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. एव्हीएल ट्री म्हणजे नोंदींचं (नोडचं) उलटं झाड: लहान नंबर डावीकडे, मोठा उजवीकडे, आणि कुठल्याही नोडच्या दोन बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक पडला तर नोड फिरवून, म्हणजे रोटेशन करून, तोल सावरायचा. त्यात नोड घालणं सगळ्यांना जमतं, काढायची वेळ आली की बोंब.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घालण्याचा कोड काढायला जसाच्या तसा चिकटवणं. घालताना झाड उजवीकडे कललं आणि नवी 'की' (नोडचा नंबर) उजव्या चाईल्डपेक्षा, म्हणजे उजवीकडे खाली जोडलेल्या नोडपेक्षा, लहान असेल तर दुहेरी रोटेशन (आधी चाईल्ड फिरवायचा, मग वरचा नोड), मोठी असेल तर एकेरी. पण काढलेली 'की' होती भलत्याच बाजूला, ती काय सांगणार? तिथे उंच बाजूच्या चाईल्डचा बॅलन्स फॅक्टर, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या उंचीतला फरक, बघायचा. तो शून्य असला तरी एकेरीच.

एका विद्यार्थ्याने हापूसच्या पेट्यांची नोंद अशीच केली होती. क्रमाने हजार पेट्या चढवल्या, झाड सुरेख. मग जुनी पेटी आधी या हिशेबाने वाशीच्या गाडीत भरायला लागला. तीन पेट्या निघाल्या, चौथीला प्रोग्रॅम आडवा! काढलेला नंबर कायम लहान, म्हणून कोड दरवेळी दुहेरी रोटेशनच करायचा. इथे ५ च्या उजवीकडे ६, त्याच्या उजवीकडे ७, आणि ६ ची डावी बाजू रिकामी. नसलेली फांदी फिरवणार कशी?

पठ्ठ्याने काय करावं? 'डावी बाजू रिकामी असेल तर फिरवू नको' अशी ओळ टाकली. एरर गेली, झाड मात्र गुपचूप कलत राहिलं. या असल्या ठिगळांचा मला मनस्वी राग आहे. निदान कोसळला असता तर कळलं तरी असतं.

मी आधी १, २, ३, ४ घालून १ काढतो. कागदावर, पेन्सिलीने. मग प्रत्येक बदलानंतर अख्खं झाड तपासणारं एक फंक्शन चालवतो. हळू चालतं, चालू दे.

काढताना एका रोटेशनवर थांबू नका. घालताना एकदा, एकेरी किंवा दुहेरी, फिरवून भागतं; काढताना रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडपर्यंत, जात तपासावं लागतं.

रोटेशननंतर आधी खाली गेलेल्या नोडची उंची नव्याने मोजा, मग वर आलेल्याची.

नवा वरचा नोड पालकाला (त्याच्या वरच्या नोडला) जोडायला विसरलात तर फांदीच हरवली.

उंची नोडमध्येच साठवा. दरवेळी अख्खं झाड मोजत बसलात तर बॅलन्स करून मिळवलं काय? दहा लाख नोड असले तरी एव्हीएलची उंची २८ च्या वर जात नाही.

आणि नोकरीतल्या कामाला हे हाताने लिहूच नका. जावा भाषेत ट्रीमॅप तयार आहे, रेड-ब्लॅक जातीचा (तेही स्वतःचा तोल राखणारं झाडच). तोंडी परीक्षेत मात्र मी ही चौथी पेटीच विचारतो.