ठोकलेली एमजीबी लिलावात घ्यायची का?

भावांनो, लिलावात ठोकलेली जुनी स्पोर्ट्स कार दिसली की जीव अडकतो, माझापण अडकतो, पण बोली लावायच्या आधी खाली झोपून बघा. एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० बनली, तिला वेगळी चेसी म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळं दाराखालचा सिल (उंबऱ्यासारखा लोखंडी पट्टा) सडला किंवा वाकला की गाडी मधनं बसते आणि दार लावताना वर उचलावं लागतं. लोहचुंबक रुमालात गुंडाळून सिलवर फिरवा, चिकटत नाही तिथं पुट्टी भरलीय. कार्पेट उचला, वायरिंगच्या क्लिपांत बारीक गाळ दिसला तर पुराची गाडी, २०१९ च्या महापुरानंतर आपल्या कोल्हापुरात हे सांगायला नको.

इंजिनाचं टेन्शन घेऊ नका, बोअरिंग, लेथ सगळं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांत होतंय. पार्ट इंग्लंडात अजून नवे मिळतात, फक्त शिपिंग आणि कस्टम धरूनच हिशोब करा.

आरसीवरचा चेसी नंबर गाडीवर स्वतः बघून जुळवा. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली असेल तर २०२१ च्या नियमानं व्हिंटेज नोंदणी होते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पण रोज फिरवता येत नाही.

सिल आणि पुढची बॉडी दोन्ही गेलंय? मग पार्टच्या भावातच घ्या, नाहीतर सोडा.