परदेशातल्या वैद्यकीय शिबिराला स्वयंसेवक म्हणून जायचंय? केनियाचं उदाहरण धरून, तयारीपासून परतीपर्यंत

दोन आठवड्यांची रजा काढून आफ्रिकेत रुग्णसेवेला जावं असं मनात असलेले डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट आपल्याकडे पुष्कळ आहेत. वैद्यकाशी संबंध नसलेले उत्साही लोकही आहेत. वाट नवी नाही. भारतातल्या रोटरीच्या डॉक्टरांची पहिली वैद्यकीय मोहीम १९९८ साली युगांडाला गेली होती. पण पंधरा दिवसांच्या शिबिराने लोकांचं भलं होतं तसं नुकसानही होऊ शकतं, आणि त्यातला फरक बहुतेक वेळा विमानात बसण्याआधीच ठरलेला असतो. म्हणून तयारीवरच जास्त लिहितो आहे. उदाहरण केनियाचं घेतलंय. देश बदलला तर नियमांचे तपशील बदलतील, विचारायचे प्रश्न तेच राहतील.

१. बोलावलंय कोणी, ते आधी पाहा

केनियात २०१० च्या राज्यघटनेनंतर आरोग्यसेवा ४७ काउंटींकडे गेली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. तेव्हा शिबिर कुठल्या काउंटीत आहे, तिथल्या आरोग्य विभागाला त्याची माहिती आहे का आणि कुठल्या स्थानिक रुग्णालयाने पथक मागवलंय, हे तीन प्रश्न नेणाऱ्या संस्थेला सरळ विचारा. उत्तरात रुग्णालयाचं नाव आणि तिथल्या जबाबदार माणसाचा फोन नंबर मिळाला पाहिजे. नुसतं ‘गावागावांत जाऊन तपासू’ असं उत्तर आलं, तर त्या संस्थेसोबत जाऊ नका.

पैशांचा हिशेबही मागा. प्रवास, राहणं, औषधं आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचं मानधन यांचे आकडे वेगवेगळे मागायचे. हे विचारायला संकोच वाटतो, पण चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

२. परवाना: इथे जे करायची मुभा नाही, ते तिथेही नाही

आपली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी केनियात आपोआप चालत नाही. तिथल्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलकडून परदेशी डॉक्टरांना तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. परिचारिकांची आणि फार्मसीची नियामक मंडळं वेगळी आहेत. अर्ज बहुधा यजमान रुग्णालयामार्फत जातो, त्यामुळे पदवी, नोंदणी आणि चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती लवकर पाठवा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी, म्हणजे ईटीए, सुरू केली आहे. ती मिळाली म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं मात्र नाही. कामाच्या परवानगीचं काय, ते यजमानांकडून लेखी घ्या.

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तर हे गाठीशीच बांधावं. घरी वरिष्ठांशिवाय टाका घालायची परवानगी नसेल, तर तिथला रुग्ण गरीब आहे म्हणून ती मिळत नाही. कुणी ‘इथे सगळं चालतं’ म्हणालं, तरी हात मागे घ्या.

बिगर-वैद्यकीय स्वयंसेवकांना कामं भरपूर असतात: नोंदणी, वजन-उंची, रांग सांभाळणं, चष्म्यांचं वाटप. बायोमेडिकल इंजिनिअर किंवा हाताने दुरुस्ती जमणारा तंत्रज्ञ असाल, तर तुम्ही आणखी एका फिजिशियनपेक्षा जास्त उपयोगाचे आहात असं माझं स्पष्ट मत आहे. बंद पडलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू झाला, तर तुम्ही परतल्यावरही तो चालत राहतो.

३. लसी आणि मलेरिया: सहा महिने आधी

हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणून सहा महिन्यांची मुदत हवी. पूर्वी लस घेतली असेल, तर रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून खात्री करा.

यलो फीव्हरची लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांत ती देतात. पिवळं प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. परतताना भारताच्या विमानतळावर ते तपासतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. त्यामागे कारण आहे: हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

नैरोबी उंचावर आहे, तिथे मलेरिया कमी. व्हिक्टोरिया सरोवराकडच्या पश्चिम भागात मात्र तो जोरात असतो, तोही फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर ते जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं असतं. बरेच जण घरी आल्यावर ते सोडून देतात आणि तिथेच फसतात. सरोवरात पोहायला उतरू नका, पाण्यातून बिल्हार्झिया हा कृमींचा आजार होतो. याच भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच आहे. गडचिरोली-नंदुरबारकडे काम केलेल्यांना अशी मुलं ओळखू येतील.

सुई टोचली तर काय करायचं, ते पहिल्या दिवसाआधी ठरलेलं असावं. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती कुणाकडे ठेवली आहेत, ते पथकातल्या प्रत्येकाला माहीत हवं. विम्यात हवाई रुग्णवाहिकेची सोय पाहा. नैरोबीहून ॲमरेफ या आरोग्यसंस्थेची फ्लाइंग डॉक्टर्स सेवा १९५७ पासून चालू आहे.

४. औषधं नेताना

डॉक्टरांकडे पडून असलेली सॅम्पल्स गोळा करून नेऊ नका. औषधदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, जेनेरिक नाव स्पष्ट असावं आणि औषध त्या देशात वापरात असलेलं असावं. आपल्या ब्रँडच्या नावावरून तिथल्या नर्सला काहीच कळणार नाही. आयातीसाठी तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी लागते. शक्य असेल तर औषधं नैरोबीतच विकत घ्या.

आणखी एक गोष्ट, जी सामान भरताना हमखास राहते: केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. सगळं कापडी पिशव्यांत भरा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, त्याचा ॲडॉप्टर न्या.

५. शिबिराचे दिवस

पहिला दिवस बघण्यात घालवा. केनियात प्राथमिक उपचारांचा मोठा भार क्लिनिकल ऑफिसर उचलतात. ते एमबीबीएस नसतात, पण तिथला ताप, तिथली माणसं आणि तिथलं औषधांचं कपाट तुमच्यापेक्षा त्यांना चांगलं माहीत असतं. त्यांच्या शेजारी बसा आणि निर्णय त्यांना विचारून घ्या. रुग्णांसमोर त्यांची चूक काढू नका.

औषध देण्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ द्या. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण घड्याळात तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. दुभाष्याच्या तोंडून ‘दोन वाजता गोळी’ असा निरोप गेला तर घोळ ठरलेलाच. त्यापेक्षा पाकिटावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा. त्यांखाली गोळ्यांइतके ठिपके द्या. मग पाकीट रुग्णाच्या हातात देऊन त्यालाच सांगायला लावा. आजीने चंद्रावर बोट ठेवून दोन बोटं दाखवली, की मगच पुढचा नंबर घ्यायचा. दुभाषी प्रौढ असावा. आईच्या तक्रारी शाळकरी मुलाकडून वदवून घेऊ नयेत.

रुग्णांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. रांगेत औषधासाठी उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तिथे विचारूच नये. लहान मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याचा आपल्याला काहीही हक्क नाही.

६. तुम्ही गेल्यावर रुग्णाचं काय?

याचं उत्तर नसेल तर तो उपचार सुरू करू नका. रक्तदाबाच्या रुग्णाला अम्लोडिपिनच्या तीस गोळ्या दिल्या, तर एकतिसाव्या दिवशी त्याने काय घ्यायचं? आधी गावातल्या दवाखान्यात काय मिळतं ते पाहा आणि तेच लिहून द्या.

मोतीबिंदूचं घ्या. शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांत होते, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, सगळे टाळ्या वाजवतात. पण थेंब पुढे चार ते सहा आठवडे घालायचे असतात. चौथ्या दिवशी डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी कुणीतरी पाहायला हवं, नाहीतर डोळा जातो. तेव्हा तुम्ही कदाचित परतीच्या विमानात असाल. म्हणून जवळच्या नेत्रशल्यचिकित्सकाचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक रुग्णाच्या कागदावर हवा, आणि त्या डॉक्टरांना ही यादी आधीच मिळालेली हवी. टाके घातलेल्या रुग्णांचंही तसंच: टाके कोण, कुठे आणि कुठल्या तारखेला काढणार ते लिहून द्या. शेवटचे दोन दिवस नव्या शस्त्रक्रिया ठेवू नका.

७. परतल्यावर

नोंदवही आणि उरलेली औषधं यजमान रुग्णालयाला देऊनच निघा. गुंतागुंतीच्या रुग्णांची यादी करून घ्या आणि महिनाभराने क्लिनिकल ऑफिसरला फोन करून एकेकाची चौकशी करा. कुणाचं काही बिघडलं असेल, तर ते पुढच्या पथकाला कळवा.

स्वतःला ताप आला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर व्हायरल समजून क्रोसिन घेत घरी बसू नका. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही केनियाला जाऊन आला आहात.