घरी धुतलेल्या कलर रोलचे रंग बिघडले, तर चूक कुठे शोधायची

स्कॅन हिरवट किंवा जांभळट दिसला की लगेच फोटोशॉप उघडू नका. आधी निगेटिव्ह खिडकीशी धरा आणि फ्रेमबाहेरची कडा बघा. तिथले नंबर आणि फिल्मचं नाव कारखान्यातच छापलेलं असतं, तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. अक्षरं ठसठशीत पण फ्रेम फिक्या असतील, तर फोटो काढतानाच उजेड कमी पडला. अक्षरंच पुसट असतील, तर डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) थंड होता, जुना होता किंवा वेळ कमी दिला. कडा स्वच्छ नारिंगी असायला हवी. ती मातकट आणि सगळी निगेटिव्ह काळपट दिसली, तर बहुधा ब्लिक्स (चांदी काढून टाकणारं, ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं रसायन) कमी पडून चांदी आत राहिली आहे. ताज्या ब्लिक्समध्ये 38 अंशांवर 8 मिनिटं पुन्हा घाला, धुवा, स्टॅबिलायझर (रंग टिकवणारं शेवटचं द्रावण) द्या. वाळलेल्या रोललाही हे चालतं, तेही उजेडात.

खरी गोम डेव्हलपरमध्ये आहे. सी-41 ला, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीला, डेव्हलपरसाठी 37.8 अंश आणि 3 मिनिटं 15 सेकंद लागतात. "खोलीच्या तापमानाला जास्त वेळ ठेवा" हा सल्ला सोडून द्या. फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडाचे थर एकाखाली एक असतात. लाल सगळ्यात खाली, तिथे डेव्हलपर उशिरा पोचतो. तापमान हललं की तिन्ही थर आपापल्या गतीने धावतात आणि क्रॉसओव्हर होतो: सावल्यांत एक छटा, उजळ भागात तिच्या उलट. सावली सुधारली की आकाश बिघडतं. असा रोल कुठल्याही स्लायडरने पूर्ण सरळ होत नाही. उलट एकाच दुरुस्तीने सगळं चित्र जागेवर आलं, तर तुमची केमिस्ट्री ठीक आहे.

थर्मामीटर बाटल्या ठेवायच्या कोमट पाण्याच्या टबात नाही, डेव्हलपरच्या बाटलीत बुडवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर एक-दोन अंश सहज चुकतो. कोमट पाण्यात तो तापाच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी धरून किती चुकतो ते त्याच्यावर लिहून ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी 38 च्या वर जाऊ शकतं, तेव्हा टबात माठातलं पाणी मिसळावं लागतं. जानेवारीत उलटं: टब मोठा घ्या, पाणी 39 ठेवा आणि डेव्हलपरआधी फिल्मला 39 च्या पाण्यात एक मिनिट भिजवा, नाहीतर फिल्म धुण्याची थंडगार टाकीच डेव्हलपरची ऊब खाते. पहिले 30 सेकंद सतत हलवा, मग दर 30 सेकंदांनी चार वेळा उलटीपालटी.

डेव्हलपर आणि स्टॅबिलायझर डिस्टिल्ड वॉटरमध्येच बनवा, बोअरिंगचं पाणी जड असतं. मधल्या धुण्याला नळाचं नर्मदेचं पाणी चालेल. ब्लिक्सचं नरसाळं वेगळं ठेवा. त्याचे थोडे थेंबही डेव्हलपर नासवतात.

स्कॅन करताना ऑटो कलर बंद. 16 बिट, कडेचा कोरा पट्टा फ्रेममध्ये घ्या, व्हाइट बॅलन्स त्याच्यावरून ठरवा आणि एक्स्पोजर अख्ख्या रोलसाठी कुलूपबंद करा. कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर 95 च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) दिवा घ्या आणि खोलीतली ट्यूबलाइट घालवा.

इंदूरच्या सराफा बाजारातले रात्रीचे फोटो पिवळे आले, तर धुण्याला दोष देऊ नका. फिल्म दिवसाच्या उजेडाची आहे आणि पिवळ्या दिव्यांत निळ्या थराला फार थोडा उजेड मिळतो. पुढच्या वेळी एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या.