८४५ चा अ‍ॅम्प करताय? आधी कोअरचा सांधा बघा

व्हॉल्व्हचा एखादा साधा अ‍ॅम्प तुम्ही जोडलाय, बायस म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून चालतो. नसेल जोडला तर ८४५ ला, म्हणजे १००० व्होल्टवर चालवायच्या या मोठ्या ट्रायोड व्हॉल्व्हला, आत्ताच हात लावू नका. ८०७ हा छोटा व्हॉल्व्ह घ्या, ट्रायोड जोडणीत (स्क्रीन ग्रिड अ‍ॅनोडला जोडून) ३०० व्होल्टच्या आत चालवा. दीड-दोन वॉटच मिळतील, पण हात बसेल. जुन्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींनी याच व्हॉल्व्हवर ट्रान्समीटर बांधले. त्याचा अ‍ॅनोड (जास्त व्होल्टेजचं टोक) डोक्यावरच्या टोपीत असतो, तिथं बोट नको.

८४५ चं प्रकरण वेगळं. १००० व्होल्ट, ९० मिलिअँपिअर, ग्रिडवर बायस उणे १४५ व्होल्ट, लोड ६००० ओहम. एवढ्या खटाटोपानंतर २४ वॉट. ग्रिड हलवायला तगडा ड्रायव्हर लागतो, ईसीसी८३ सारख्या एकट्या छोट्या व्हॉल्व्हचं ते काम नव्हे, हे सगळेच सांगतात. व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल मात्र कुणी नीट बोलत नाही, आणि माझा अख्खा पावसाळा त्यातच वाहून गेला.

पुश-पुलमध्ये, म्हणजे जोडीनं चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये, दोघांचे डीसी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमध्ये) समोरासमोर येतात आणि एकमेकांना मारतात. सिंगल-एंडेडमध्ये, म्हणजे आपल्या एकट्या ८४५ च्या अ‍ॅम्पमध्ये, मारायला दुसरा कुणी नाही. गाणं चालू असो वा नसो, ते ९० मिलिअँपिअर वाहतच राहतात आणि कोअर (ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा) एकीकडे ओढला जाऊन चुंबकत्वानं भरून जातो. म्हणून त्यात फट ठेवावी लागते. आपल्याकडच्या वाइंडरांचा हात बसलाय तो पॉवर ट्रान्सफॉर्मरवर आणि मांडवातल्या पीए अ‍ॅम्पच्या पुश-पुलवर. त्यात ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या आलटून-पालटून भरतात, आणि त्या कामाला तेच बरोबर. तुम्ही नुसतं '६ के (६००० ओहम), ८ ओहम, २५ वॉट' लिहून दिलंत तर याही कोअरला तसंच भरलं जाणार. 'सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, मध्ये लेदरॉइड' (इन्सुलेशनचा कागद) हे चिठ्ठीवर लिहा आणि तोंडानंही सांगा.

घरी आणून इंडक्टन्स (हेन्रीत) मोजायला एलसीआर मीटर लावलात की फसगत पूर्ण. बिनफटीचा ट्रान्सफॉर्मर मीटरवर कितीतरी जास्त हेन्री दाखवतो. माणूस खूश! पण मीटर त्यातून ९० मिलिअँपिअर सोडत नाही. अ‍ॅम्पमध्ये तेच हेन्री कोसळतात. बासरी गोड वाजते, डग्गा मात्र घुमायच्या ऐवजी फरफरतो. मग ड्रायव्हर बदला, कपॅसिटर बदला, व्हॉल्व्हवर संशय घ्या, पैसे घाला. त्यापेक्षा स्कोप (लहरीचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावा. एकाच पातळीला १ किलोहर्ट्झची लहर नीट आणि ४० हर्ट्झची चेपलेली दिसली, तर आधी कोअरकडे बघा.

कागद किती जाड? मधला खांब १५ चौरस सेंटिमीटर आणि ३००० वेढे असतील तर ०.२ मिलिमीटर. तो मधल्या खांबावरही येतो आणि कडेच्या खांबांवरही, म्हणजे वाटेत एकूण फट ०.४. मग डीसीचं चुंबकत्व साधारण ०.८५ टेस्लावर थांबतं आणि वर संगीताला जागा उरते. कागदच ०.४ चा घातलात तर हेन्री जवळपास निम्मे. इथं गोंधळ हमखास होतो, दोनदा वाचा.

ट्रान्सफॉर्मर चुकीचा भरला गेलाच, तरी तो वाया गेलेला नाही. वार्निश मारलेलं नसेल तर पट्ट्या काढून पुन्हा भरता येतात, वाइंडिंगला धक्काही लागत नाही. म्हणून आधी ऐका, मग वार्निश. आणि दुकानातच कडेनं बघून घ्या: फटीच्या कोअरला एकाच बाजूला एक सरळ रेघ दिसते, तीत कागदाची कड. दोन्ही टोकांना एकाआड एक सांधे दिसले तर पैसे द्यायच्या आधी बोला.

गुरू हवा असेल तर ज्याच्या बाकावर स्कोप आहे त्याच्याकडे बसा. केबलपासून सुरुवात करणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

१००० व्होल्ट जीव घेतात, इथं गंमत नाही. ४५० व्होल्टचे तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर. घरात एकटे असाल तर हाय व्होल्टेज चालू करूच नका. मोजताना एक हात खिशात. १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील तर बंद केल्यावर दोन मिनिटं जाऊ द्या, आणि तरीही आधी मीटर लावा, कारण एखादा रेझिस्टर तुटलेला असू शकतो.