नवी ईव्ही लवकर हवी असेल तर कशावर अडायचं आणि काय सोडायचं

‘या इलेक्ट्रिक गाडीला वेटिंग किती?’ असं शोरूममध्ये विचारलं की जे उत्तर मिळतं ते कुणाच्याच कामाचं नसतं. वेटिंग मॉडेलला नसतं. बॅटरी, व्हेरिअंट, बाहेरचा रंग आणि आतला रंग या चार गोष्टी जुळवून जी एक नेमकी गाडी ठरते, तिला ते असतं. एकाच मॉडेलची पांढरी गाडी आपल्या नागपुरात वर्धा रोडच्या शोरूमच्या यार्डात तयार उभी असू शकते, आणि तिचीच ड्युअल टोन, म्हणजे वेगळ्या रंगाच्या छताची, बहीण महिनोन्‌महिने येत नाही.

कारण असं की आपल्याकडे बहुतेक कंपन्या एकेका ग्राहकासाठी गाडी बांधत नाहीत. महिन्याचं उत्पादन व्हेरिअंट आणि रंगाप्रमाणे आधीच ठरतं, त्यातून डीलरला वाटा मिळतो आणि मग तुमच्या बुकिंगला एक चेसिस नंबर जोडला जातो. त्यालाच अलॉटमेंट म्हणतात. तुमची प्रत्येक अट म्हणजे जुळू शकणाऱ्या गाड्या कमी. गाडी चाकणहून येवो, हालोलहून येवो की चेन्नईकडून, रस्त्यावरचे दिवस थोडेच असतात. खरा वेळ अलॉटमेंटच्या आधी जातो.

सगळ्यात जड पर्याय बॅटरीचा. सेल आणि पॅकची मागणी कारखान्याला बरीच आधी नोंदवावी लागते, त्यामुळे ३० किलोवॅट-अवरच्या गाड्या कमी करून ४५ च्या वाढवायच्या, हे ऐनवेळी होत नाही. नवं मॉडेल बाजारात येतं तेव्हा आणखी एक गोष्ट घडते: आधी टॉप मॉडेल येतं. महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांचं बुकिंग फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं. महिंद्रा व्हेरिअंटलाच ‘पॅक’ म्हणते. ७९ किलोवॅट-अवर बॅटरीच्या, सर्वात वरच्या पॅक थ्रीची डिलिव्हरी मार्चपासून, पॅक टूची जुलैपासून आणि पॅक वनची ऑगस्टपासून, असं कंपनीचं जाहीर वेळापत्रक होतं. म्हणजे स्वस्त पॅक हवा असणाऱ्याने पहिल्या दिवशी धावत जाऊन बुकिंग केलं तरी त्याची गाडी कारखान्यात लागायलाच वेळ होता. अशा वेळी बजेट ताणून वरचा पॅक घेऊ नका. रोजचं चालणं हिंगणा एमआयडीसी किंवा बुटीबोरीपर्यंतच असेल तर लहान बॅटरी पुरते, आणि थांबणंच शहाणपणाचं.

रंगाचं गणित वेगळं आहे. पेंट शॉपमध्ये एका रंगाच्या गाड्या एकामागून एक काढल्या जातात, म्हणून कमी खपणाऱ्या रंगाची पाळी उशिरा येते. ड्युअल टोनमध्ये छत वेगळं रंगवण्यासाठी मास्किंग आणि जास्तीचा फेरा लागतो. पांढरा बहुधा सर्वात लवकर मिळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या शहरात तो घेण्यात नुकसान काहीच नाही: गाडी कमी तापते, एसीला कमी वीज लागते. दोन रंग लिहून द्या, पहिली पसंती आणि दुसरी. एवढ्या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका शोरूमच्या चकरांनी पडत नाही.

सनरूफ, ३६० अंश कॅमेरा, एडास (कॅमेरा-रडारवरून चालकाला मदत करणारी यंत्रणा), व्हेंटिलेटेड सीट या गोष्टी कारखान्यातूनच याव्यात. त्या हव्याच असतील तर त्यांच्यासाठी थांबा. बाहेरून छत कापून घेतलं की वॉरंटीचा आणि पाणी गळण्याचा प्रश्न कायमचा मागे लागतो. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, डॅशकॅम मात्र डीलरकडे बसतात, त्यांच्यासाठी वरचं व्हेरिअंट आणि त्याचं वेटिंग घेऊ नका. डॅशकॅमची वायर फक्त १२ व्होल्टच्या फ्यूजवरून घ्यायची. नारिंगी केबल हाय व्होल्टेजची असते, तिच्या जवळही जाऊ द्यायचं नाही.

चार्जरचा पर्याय गाडी अडवत नाही, घर अडवतो. १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवरचा सुमारे ३.३ किलोवॅटचा चार्जर बऱ्याच घरांत चालून जातो. ७.२ किलोवॅटला सिंगल फेजवर ३२ अँपिअर लागतात, ११ किलोवॅटला थ्री फेज. उन्हाळ्यात दोन एसी आणि वर हा चार्जर, म्हणजे मंजूर भार वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज बुकिंगच्याच आठवड्यात जायला हवा. बेसा, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीची एनओसी आणि मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल यातच खूप दिवस जातात. अर्थिंग तपासून घ्या, रोध साधारण ५ ओहमच्या आत असावा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तो वाढतो आणि चार्जर एरर दाखवून बंद पडतो. लोक गाडीला दोष देतात, चूक अर्थिंगच्या खड्ड्यात असते.

बुकिंगच्या वेळी या गोष्टी ईमेलवर लेखी घ्या: नेमकं व्हेरिअंट आणि रंग, आपल्या आधी याच जोडीचे किती ग्राहक आहेत, मागच्या महिन्यात अशा किती गाड्या आल्या, रंग बदलला तर बुकिंगची तारीख तीच राहील की रांग पुन्हा सुरू होईल, रद्द केल्यास किती पैसे परत. आधीचे ग्राहक भागिले महिन्याची आवक, हाच तुमचा खरा अंदाज. किंमत बुकिंगच्या दिवशीची की बिलाच्या दिवशीची, हेही विचारा. बहुधा बिलाच्या दिवशीची लागते. बँकेच्या कर्जमंजुरीला मुदत असते, म्हणून ती अलॉटमेंट जवळ आल्यावरच घ्या.

कधी कधी पर्याय बदलून काहीच साधत नाही. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा ईव्ही चालवणाऱ्या इलेक्ट्रिक मोटरला लागणाऱ्या भागाचाच प्रश्न उभा राहिला. तुटवडा तुमच्या पर्यायाच्या भागाचा आहे की सगळ्या गाड्यांना लागणाऱ्या भागाचा, एवढं विचारा. दुसरं असेल तर रंग बदलू नका, रांगेतली जागा जपा.

पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला डिलिव्हरी घ्यायला झुंबड असते. पितृपक्षात अनेक जण गाडी घरी आणत नाहीत, त्यामुळे कुणाची तरी अलॉट झालेली गाडी मोकळी होते. तुम्हाला चालत असेल तर सेल्सवाल्याला तसं आधीच सांगून ठेवा.

‘लगेच मिळेल’ म्हणणारी गाडी यार्डात किती दिवस उभी आहे ते पैसे भरण्याआधी बघा. चेसिस नंबरचं दहावं अक्षर बहुधा मॉडेल वर्ष सांगतं, आणि निर्मितीचा महिना फॉर्म २१ वर असतो. टायरवरच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, तेवढी सूट मागा. १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल तर बदलून घ्या, नुसती चार्ज करून देऊ नका म्हणावं. आवडीचा नंबर हवा असेल तर तो नोंदणीआधीच आपल्या आरटीओकडे राखून ठेवावा लागतो, नाहीतर गाडी दारात येऊनही ईव्हीच्या हिरव्या नंबरपाटीसाठी थांबते.